केरेव्वाचे वैरी

ग्रहण लागलं की आमचे घरमालक ओट्यावर पाट मांडून जेवायला बसत. अख्खी गल्ली दारं लोटून घेऊन बसलेली असे, कुणी तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे, आणि हे गृहस्थ रस्त्याकडे तोंड करून सगळ्यांना ऐकू जाईल असं मचमच करत खात. एरवी ते अगदी मोजकं जेवायचे, पण ग्रहणात त्यांना भूक सुटे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, ग्रहणात चूल पेटवत नसत, तेव्हा ही क्रांती त्यांना शिळ्या भाकरीवर भागवावी लागे. काकू आत जप करत बसलेल्या असल्यामुळे चटणीचा डबा कुठे आहे हे विचारायचीही सोय नसे. मग कोरडीच भाकरी संपवून ते ओट्यावरून हात धूत आणि ओरडत, "पाहा, मेलो नाही मी!"

कुणी पाहत नसे. ज्यांनी दारं लावून घेतली आहेत ते पाहणार कसे, एवढी साधी गोष्ट त्यांच्या शास्त्रात बसत नव्हती.

मी लग्न होऊन धारवाडला आले तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं आमचं बिऱ्हाड त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. माझे यजमान हायस्कुलात गणित शिकवत. घरमालक त्याच हायस्कुलात सायन्स शिकवून निवृत्त झालेले, म्हणून गल्ली त्यांना मास्तर म्हणे आणि आम्हीही मास्तरच म्हणत असू. त्यांच्या तोंडात बसलेला शब्द म्हणजे 'पुरावा'. ताक आंबलंय म्हटलं की पुरावा. पाऊस येईलसं वाटतंय म्हटलं की पुरावा. काकूंच्या गुडघ्यात कळ यायची, तर तिचाही पुरावा मागून झाला होता. सत्यनारायणाच्या शिऱ्याला मात्र त्यांनी कधी पुरावा विचारला नाही. भटजींशी वाद घालून पूजा लांबवायची आणि मग शिरा पुन्हा मागून घ्यायचा, हा त्यांचा रिवाज.

त्यांच्याकडे एक सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. ते पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडलेलं असे आणि घरात पाऊल टाकणारा कुणीही त्याच्या तडाख्यातून सुटत नसे. काकूंकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा ते अडवत. "या, तुम्ही रोज काय पिता ते बघून जा," म्हणत आमच्याच विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवत. त्यात काहीतरी वळवळताना पाहून कोपऱ्यावरच्या वकिलांची नवी सून तिथेच उंबऱ्याशी ओकली होती. मास्तर त्या दिवशी फार खुशीत होते. संध्याकाळी त्यांनी काकूंना स्वतःहून चहा करायला सांगितला आणि माझ्या यजमानांना बोलावून ती हकीगत रंगवून सांगितली.

मला ते कधीच आवडले नाहीत. आता ते हयात नाहीत म्हणून मी मत बदलावं असं काही घडलेलं नाही.

आमची गल्ली तळ्याच्या बांधाखाली होती. बांध चढून गेलं की पलीकडे तळं, आणि तळ्याच्या पार वरच्या टोकाला, माळावरचा ओढा जिथे येऊन मिळतो तिथे, लव्हाळ्यांचं दाट रान. आत माणूस उभा राहिला तर दिसू नये इतकं उंच. खाली चिखल, गुडघाभर पाणी, पाणकोंबड्या, बगळे, बेडूक आणि साप. कन्नडमध्ये दलदलीला हुदलु म्हणतात, पण आमच्याकडे त्या जागेला सगळे 'अव्वाचं रान' म्हणत. अव्वा म्हणजे केरेव्वा, तळ्याची देवी. बांधावर लिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, तीच ती. मराठी घरं असोत की कानडी, बांधाखाली राहणारी प्रत्येक बाई वर्षातून एकदा तरी तिची ओटी भरून येई.

तिची पूजा नीलव्वाकडे होती. नीलव्वा म्हणजे कुणी साध्वी होती असं समजू नका. नारळाचं एक भकल ती ठेवून घेई आणि दुसरं परत देई, ते नेहमी लहान असे. खण पसंत पडला नाही तर तोंडावर सांगे. तंबाखू खाऊन देवीच्याच अंगणात थुंके. पण रानाचे नियम तिच्याकडे होते आणि ते सगळे पाळत. मृग लागल्यापासून शीगी हुण्णवीपर्यंत, म्हणजे आपल्या कोजागिरीपर्यंत, रानात पाय घालायचा नाही, जनावर सोडायचं नाही, विळा लावायचा नाही. हुण्णवीला सगळे बांधावर जमणार, भाकरी-भाजी खाणार, नीलव्वा पहिली पेंढी कापणार, आणि मग ज्याला छपराला किंवा चटईला हवं त्यानं कापून न्यावं. तेही कडेकडेचं. मधलं अव्वाचं. तिथली माती तर कुणी कधीच उकरायची नाही.

उकरली तर? अव्वा मारते. कशी मारते, कधी मारलं, कुणाला मारलं, हे कुणी विचारत नसे. विचारणारा सगळ्या गल्लीत एकच होता.

एका पावसाळ्यात हिवतापानं गल्ली आडवी झाली. घरटी एक तरी माणूस पांघरुणात कुडकुडत होतं. मास्तरांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात डास आणि साठलेलं पाणी यांच्यावरचा लेख वाचला आणि त्यांना शत्रू सापडला. डासांचा कारखाना म्हणजे अव्वाचं रान. ते कापून मोकळं केलं की ताप गेला. आता खरी गोष्ट अशी, की त्यांच्याच परसात उघडा हौद होता आणि त्यात डासांची पिल्लावळ डोळ्यांनी दिसे इतकी वळवळत होती. मी ती त्यांना बोटानं दाखवली.

"ही वेगळी जात," मास्तर म्हणाले.

त्या वेळी त्यांना यंत्र काढावंसं वाटलं नाही.

श्रावणातल्या मंगळवारी भर दुपारी आपण अव्वाच्या रानात शिरणार, असं त्यांनी गल्लीभर दवंडी पिटल्यासारखं सांगितलं. नोकरीतली जुनी पाटलोण घातली, बूट घातले, कुठूनसा विळा मिळवला. बांधावर ही गर्दी. मीही गेले होते, खोटं कशाला सांगू. काकू मात्र देवघरात जाऊन बसल्या. नीलव्वा छाती पिटत होती. "बिडरी, मास्तर! अव्वा सिट्टागताळ!" सोडा, अव्वा रागावेल, असं ती कळवळून सांगत होती. मास्तर तिच्याकडे बघून हसले आणि चिखलात उतरले.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले ते कमरेपर्यंत काळे होऊन. एक बूट चिखलानं ठेवून घेतला होता. काखेत लव्हाळ्यांचा भारा होता. तो त्यांनी केरेव्वाच्या पुढ्यात आपटला, तिच्याच कट्ट्यावर बसले आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत कन्नडमध्ये म्हणाले, "माझ्याकडे बघा. मी धडधाकट आहे. दगड हा दगडच आहे. आहे कुणाकडे काही पुरावा?"

कुणाकडेच नव्हता. पुढे महिनाभर दर मंगळवारी ते जाऊन भारा कापून आणत. त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही. काकूंचं जेवण तुटलं तेवढंच.

लोक एकदम बदलले नाहीत. आधी कोपऱ्यावरच्या वकिलांनी गोठ्याच्या छपरासाठी गडी पाठवून भाद्रपदातच लव्हाळी कापून आणवली. शिकलेल्या माणसाला असल्या कामात लवकर धीर येतो. वकिलांचं काही बिघडलं नाही म्हटल्यावर बसप्पानं म्हशी सोडल्या. बसप्पा आमचा दूधवाला. त्याच्या म्हशी होत्या, दोन बैलगाड्या होत्या आणि तोंड मोठं होतं. म्हशी दिवसभर रानात लोळत आणि कोवळे कोंब खात. मग ज्याला सुचेल तो, सुचेल तेव्हा, कापून नेऊ लागला. दोन-तीन पावसाळ्यांत मधलं रान उघडं पडलं, आणि मास्तर बांधावर उभे राहून छत्रीनं ते दाखवत म्हणत, "लोक सुधारले!"

ताप गेला नाहीच. तो हौदातून येत होता.

मला शास्त्र कळत नाही, घागर कळते. पूर्वी भर पावसाळ्यातसुद्धा आमच्या विहिरीचं पाणी नितळ असे. आता आषाढात घागर काढली की पाणी तांबडं, आणि तासाभरानं तळाशी बोटभर गाळ. माळावरची सगळी तांबडी माती ओढ्यातून थेट तळ्यात येत होती. पूर्वी ती लव्हाळ्यात अडकून पडायची, हे तिथे उभं राहिलं तरी दिसत होतं. तळं वर्षावर्षाला उथळ होत चाललं आणि ज्या तळ्याच्या झिरप्यावर बांधाखालच्या विहिरी भरायच्या, त्यात पाणीच टिकेना. चैत्रात विहिरीनं तळ दाखवला. मग आम्ही बायका डोक्यावर घागरी घेऊन दुसऱ्या पेठेतल्या विहिरीवर. तिथल्या बायका आधी आपली भांडी भरून घ्यायच्या, त्यांची धुणी व्हायची, त्यांच्या गप्पा व्हायच्या, आणि आम्ही एका अंगाला ताटकळत उभ्या. काकू गुडघ्याला फडकं बांधून यायच्या. वकिलांनी लवकरच दुसरीकडे घर पाहिलं आणि छपरासकट गोठा सोडून गेले.

एक दिवस मी गाळाच्या पाण्यानं भरलेली घागर मास्तरांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. "तुम्हाला पुरावा आवडतो ना? हा रोज येतो. बघा."

ते चिडले नाहीत. इथे एवढं मान्य करायला हवं की त्यांनी घागरीत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि आत जाऊन काचेच्या बरण्या काढल्या. तो सगळा पावसाळा ते छत्री घेऊन ओढ्यावर जात राहिले. एका कडेला लव्हाळ्यांचा एक पुंजका उरला होता. त्यातून झिरपून आलेलं पाणी एका बरणीत, उघड्या चिखलावरून आलेलं दुसऱ्या, ओढ्यातलं तिसऱ्या, अशा बरण्या खिडकीत मांडल्या गेल्या. काकूंच्या लोणच्याच्या बरण्यासुद्धा त्यात गेल्या. शेवटी एका रविवारी त्यांनी गल्लीला ओट्यापुढे बोलावलं, बरण्या मांडल्या आणि सांगितलं, "माझं चुकलं."

चूक कबूल करताना माणूस जरा तरी खाली बघतो. हे मात्र बक्षीस घ्यायला आल्यासारखे ताठ उभे. आपलं कसं चुकलं, किती अंगांनी चुकलं, आणि ते आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नाही, हे त्यांनी सविस्तर समजावून दिलं. लव्हाळी गाळ धरतात, मुळं पाणी धरतात, चिखल पावसाळ्याचं पाणी साठवून उन्हाळ्यात सोडतो. सगळं बरोबर होतं. ऐकणाऱ्यांनी काकूंनी केलेला चिवडा खाल्ला, पुडीत बांधूनही नेला, आणि दुसऱ्या दिवशी बसप्पानं म्हशी पुन्हा रानात घातल्या.

मास्तरांनी पाटी लावली. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत: आत जाऊ नये, पाण्याचं नुकसान होतं. आठवड्याच्या आत ती पाटी कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लागली. मग ते स्वतःच छत्री उगारून उभे राहू लागले. म्हशींना छत्रीची ओळख पटायला वेळ लागला नाही.

"बसप्पा, तुला बरण्या दाखवल्या ना मी?" एकदा माझ्यादेखतच ते त्याच्यावर ओरडले.

"दाखवलासा की री," बसप्पा म्हणाला. "लई छान हुत्या."

"मग? पटलं नाही?"

"पटलं की. पण म्हशीला चारा नको का? पूर्वी आमी अव्वाला भिऊन जात नव्हतो. ते भ्या तुमीच घालवलासा मास्तर. आता तुमाला कोण भितंय?"

मास्तरांनी उगारलेली छत्री खाली घेतली. मला बरं वाटलं, आणि डोक्यावरच्या रिकाम्या घागरीची आठवण होऊन लगेच वाईटही वाटलं.

त्यानंतर प्रतिष्ठित लोकांची एक समिती झाली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दर बैठकीला उप्पीट होतं, ठराव होता आणि आभारप्रदर्शन होतं. एका बैठकीत तळ्याला इंग्रजी नाव काय द्यावं यावर चर्चा झाली. समितीतल्या एकाही माणसाच्या घरातलं पाणी आमच्या बाजूच्या विहिरीतून येत नव्हतं.

अशा दिवसांत एका सकाळी मास्तर ओट्यावर दात घासता घासता कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. डॉक्टर येऊन गेले. गल्लीनं मात्र डॉक्टरांची वाट पाहिली नव्हती. विळा धरला तो हात गेला, बूट चिखलात राहिला तो पाय गेला. अव्वानं इतकी वर्षं वाट पाहिली आणि नेमकं मोजून घेतलं. नीलव्वा तर बांधावर सांगत सुटली की आपण हे आधीच सांगितलं होतं. आणि खरंच सांगितलं होतं.

मास्तरांना आजारापेक्षा हे बोलणं जास्त लागलं. समाचाराला कुणी आलं की ते डाव्या हातानं पाटीवर मेंदूचं चित्र काढत. मेंदूच्या डाव्या बाजूची शीर फुटली की शरीराची उजवी बाजू जाते, याला केरेव्वा लागत नाही, रक्ताचा दाब लागतो. बोबड्या बोलीत ते हे घसा बसेपर्यंत सांगत. आलेला माणूस कंटाळून 'हो हो' म्हणेपर्यंत सोडत नसत. समाचाराला जाणं म्हणजे सायन्सच्या तासाला बसणं झालं होतं.

आणि गंमत बघा. ते पडल्यावर दोन-तीन आठवडे रानात एक म्हैस गेली नाही. कुणी विळा लावला नाही. बसप्पा म्हशी लांबून, माळाच्या वाटेनं नेत होता. काकूंनी हे मला सांगितलं आणि मी जाऊन मास्तरांना सांगितलं. त्यांनी 'एकही नाही?' असं दोनदा विचारलं. पण तोवर त्यांचं चित्र पाहून पाहून लोकांची खात्री पटत चालली होती. शीर फुटली, दुसरं काय, असं बसप्पासुद्धा म्हणू लागला. भाद्रपदात म्हशी परत रानात. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी काहीतरी नीट पटवून दिलं होतं.

मग हुबळीचा वीटवाला आला. कमरीपेठेत त्याचं दुकान होतं, हुबळीकडे नवी घरं उठत होती आणि त्याला माती हवी होती. रानातली काळी माती त्यानं मुठीत दाबून पाहिली, जिथून घ्यायची तिथून परवानगी घेतली, आणि दिवाळी झाली की खोदायला लागायचं ठरवलं. गाड्या बसप्पाच्या, मजूर आसपासचेच. रान मुळासकट जाणार, तिथे खड्डे राहणार, आणि आम्ही बायका आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरीवर एका अंगाला उभ्या राहणार. गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं घर शोधू लागली होती. आम्हीही. समितीनं ठराव केला.

हुण्णवीच्या आदल्या दिवशी मास्तरांनी मला हाक मारली. "उद्या मला बांधावर न्यायला सांगा तुमच्या यजमानांना. आणि ओटीचं सामान घ्या."

"कुणाची ओटी?"

"दगडाची," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी एका बाजूनं धरलं, काकूंनी दुसऱ्या, आणि मी मागून खण-नारळाचं ताट घेऊन. बांध चढायला त्यांना फार वेळ लागला. वर सगळी गल्ली भाकऱ्यांची गाठोडी सोडून बसली होती. वीटवाल्याचा मुकादम जागा बघायला आलेला, तो बसप्पाशेजारी बसून कडबू खात होता. मास्तरांना बघून बोलणी थांबली.

दगडापुढे त्यांना बसवलं. नमस्कार करायला दोन हात लागतात हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. त्यांनी डाव्या हातानं मेलेला उजवा हात उचलला आणि शेंदरावर नेऊन ठेवला. तो घसरून पडला. पुन्हा उचलून ठेवला आणि धरून राहिले.

"मी विळा लावला," ते कन्नडमध्ये म्हणाले. "ह्या हातानं. अव्वानं हात घेतला."

नीलव्वा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आजवर विसरलेले नाही.

"जोरात सांगा की री, मास्तर," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू येईना."

मला वाटलं आता ते भडकतील. मनातून मला तेच हवं होतं. इतकी वर्षं ज्या तोऱ्याची मला चीड आली, तो त्या बाईपुढे असा मातीत गेलेला मला बघवेना. पण मास्तरांनी दम घेतला आणि जड जिभेला जितका जमेल तितका आवाज काढून सगळं पुन्हा सांगितलं. अव्वानं हात घेतला, पाय घेतला, जीभ घेतली. डॉक्टरांना काही कळत नाही. शिरेचं आपण सांगत होतो ते खोटं, लाज वाटली म्हणून सांगत होतो. मग मान वळवून त्यांनी बसप्पाकडे पाहिलं. "मी नुसती लव्हाळी कापली. तू माती नेणार आहेस. तुझं काय घेईल ते तुझं तू बघ."

बसप्पानं हातातली भाकरी खाली ठेवली. मुकादम त्याच्या कानाशी काहीतरी बोलू लागला, तर त्यानं अंग चोरून घेतलं. मागच्या बायका एकेक करून उठल्या आणि दगडापाशी येऊन वाकू लागल्या. नीलव्वानं आमचा नारळ फोडला आणि दोन्ही भकलं ठेवून घेतली.

पुढचं थोडक्यात सांगते. दिवाळी झाली, पण बसप्पानं गाड्या जुंपल्या नाहीत आणि आसपासचा एकही मजूर कुदळ घेऊन आला नाही. वीटवाला काही दिवस शिव्या देत हिंडला आणि दुसरीकडे माती बघायला गेला. म्हशी माळाच्या वाटेनं जाऊ लागल्या. लव्हाळी हळूहळू कडेच्या पुंजक्यापासून मध्ये सरकली, पाणकोंबड्या आल्या, आणि काही पावसाळ्यांनंतर एका आषाढात मी घागर काढली तर पाणी स्वच्छ होतं. दर हुण्णवीला मास्तरांना बांधावर नेत आणि त्यांच्याकडून सगळं वदवून घेत. आया त्यांच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगत, रानात गेलास तर मास्तरांसारखा होशील. मास्तर ओट्यावरून मान हलवत आणि पोरांना दिसावा म्हणून तो हात उचलून दाखवत. ग्रहणाच्या दिवशी त्यांचा पाट घरात मांडला जाऊ लागला आणि तोही ग्रहण सुटल्यावर. समितीनं तळं वाचवल्याबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं.

पण त्या पहिल्या हुण्णवीला बांधावरून परत आल्यावरचं सांगायचं राहिलं. यजमानांनी मास्तरांना ओट्यावर बसवलं आणि ते आमच्या खोलीकडे गेले. काकू आत देवापुढे निरांजन लावायला गेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा देवाला लागला म्हणून त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. 'अव्वानं ऐकलं गं माझं,' असं त्या वाटेत मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी मास्तरांच्या पाठीशी उशी लावत होते. ते माझ्याकडे वळले आणि बोबड्या, पण त्यांच्या नेहमीच्या, मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "मेंदूच्या डाव्या बाजूची शीर फुटली होती. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "हळू बोला. काकू आत आहेत."

मास्तरांनी आतल्या दाराकडे पाहिलं. निरांजनाचा उजेड उंबऱ्यापर्यंत आला होता.

"डाव्या बाजूची," ते अगदी हळू म्हणाले.